मुकादमाची वही आणि नेमणूकपत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मनुष्यबळ व्यवस्थापनातील मुख्य संज्ञा आणि जळकोट तालुक्यातील कष्टकऱ्यांच्या हातातले कागद.

महोदय,

माणसे शोधणे, त्यांतून निवडणे, कामाला लावणे, काम शिकवणे, मोबदला देणे, सांभाळणे आणि वेळ आली की रीतसर निरोप देणे, या सगळ्या व्यवहाराला मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणतात. कंपन्यांत त्याचे नाव एचआर. जळकोटच्या बाजारात हा शब्द फारसा ऐकू येत नाही, पण व्यवहार दर वर्षी ठरल्या तिथीला होतो. पाडव्याला सालगड्याचे साल ठरते. दसरा-दिवाळीच्या सुमारास तांड्यांवरून आणि वाड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बारावी किंवा आयटीआय झालेली पोरे पुण्याजवळच्या चाकण-रांजणगावकडे जाऊन ‘कंपनीत लागतात’, म्हणजे बहुतेक वेळा ठेकेदाराकडे लागतात. गावात राहणाऱ्या बायांपैकी काही अंगणवाडीत, काही आशा म्हणून मानधनावर असतात. भरती या चौघांचीही होते. मात्र भरती, वेतन, रजा, सेवासमाप्ती या शब्दांत कायद्याने जो ऐवज भरून ठेवला आहे, तो चौघांच्या पदरी सारखा पडत नाही. म्हणून या संज्ञा एकेक करून, जळकोटच्या माणसाला ओळखीच्या कामांवर ठेवून पाहणे गरजेचे आहे.

‘कामगार’ हा शब्द मागे पडून ‘मनुष्यबळ’ किंवा ‘मानव संसाधन’ हे शब्द व्यवस्थापनाच्या पुस्तकांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळले. पीटर ड्रकर यांनी १९५४ च्या आपल्या ग्रंथात माणूस हा उद्योगाचा खर्च नसून त्याची साधनसंपत्ती आहे, अशी मांडणी केली. भारतात या खात्याचा उगम मात्र वेगळा आहे आणि तो मराठी माणसाच्या फार जवळचा आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत भरती करणारा माणूस मालक नव्हता, व्यवस्थापकही नव्हता. तो जॉबर होता, म्हणजेच मुकादम. बायकांच्या खात्यांत नायकीण असे. कोकणातून आणि घाटावरून माणसे तोच आणी, तोच कामावर घेई, तोच काढी, अडीअडचणीला उसने देई आणि त्याबद्दल दस्तुरीही घेई. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली यांच्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर नेमके बोट ठेवले : भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढून घ्या, गिरण्यांत स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमा. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. आजचे एचआर खाते याच अधिकाऱ्याचा वाढलेला संसार आहे.

म्हणजे भारतात मनुष्यबळ खाते जन्मले ते मुकादमाची सत्ता मोडण्यासाठी. गिरणगावात ती मोडली. उसाच्या फडात ती अजून शाबूत आहे.

पहिली संज्ञा नियोक्ता, म्हणजे मालक. ही सर्वांत सोपी वाटते आणि सर्वांत अवघड तीच आहे. ऊस शेतकऱ्याचा. तो नेणारा कारखाना. तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून कापून घेतो. करार होतो वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी. टोळी मुकादमाची. मग कोयता चालवणाऱ्या जोडप्याचा मालक कोण? शेतकरी म्हणतो कारखाना, कारखाना म्हणतो मुकादम, मुकादम म्हणतो मी तर तुमच्यातलाच. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्याने या पेचासाठी ‘मुख्य मालक’ ही संज्ञा आणली. ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर ज्याच्या आस्थापनेसाठी काम झाले त्या मुख्य मालकाने ती भरून द्यायची आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची. आजच्या कामगार संहितांतही हे तत्त्व कायम आहे. ऊसतोडीत मुख्य मालक कोण हे एकदा स्पष्ट लिहिले गेले, तर पुढच्या निम्म्या संज्ञा आपोआप जागेवर येतील.

भरती आणि निवड यांविषयी थोडक्यात. पुस्तकात भरतीआधी कामाचे विश्लेषण येते : काम कोणते, त्याला कौशल्य कोणते, जबाबदारी किती, धोका कोणता. त्यावरून कामाचे वर्णन लिहिले जाते आणि त्या वर्णनाला साजेसा माणूस निवडतात. ऊसतोडीत हे विश्लेषण लिखित नसले तरी पक्के आहे. गाडी सेंटर, टायर सेंटर, डोकी सेंटर ही कामाची वर्गवारीच आहे. बैलगाडीवाल्याचे काम वेगळे, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्याचे वेगळे. मोजमापाचे एकक माणूस नाही, कोयता आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या दृष्टीने या हिशेबातला मोठा दोष असा की त्यात बाईचे नाव कुठेच येत नाही. तोडणी ती करते, वाढे बांधते, मोळ्या वाहते. पण वहीत नाव नवऱ्याचे, अंगठा नवऱ्याचा, हंगामाआधी मिळणारी उचल नवऱ्याच्या हातात. समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ पासून आहे. ज्या बाईची कामगार म्हणून नोंदच नाही, तिचे वेतन समान की असमान हे तपासायचे तरी कशावरून?

यातून पुढची संज्ञा निघते : नेमणूकपत्र. कोण, कोणाकडे, कोणत्या कामावर, किती वेतनावर, किती तासांसाठी, किती मुदतीसाठी, एवढे सांगणारा कागद. केंद्राने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू केल्या : वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यवसायविषयक सुरक्षा-आरोग्य. त्यांतल्या शेवटच्या संहितेने नेमणूकपत्र देणे मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. पूर्वी जो कागद चांगल्या कंपनीचे लक्षण होता, तो आता कायद्याचा भाग आहे. सालगड्याचे साल तोंडी ठरते. ऊसतोडीतही कागद असतो, पण तो नेमणुकीचा नसून कर्जाचा असतो. मुकादम उचल देताना मुद्रांकावर सही घेतो, आणि त्या कागदात काम, तास, दर यांपेक्षा रक्कम आणि परतफेड यांचीच भाषा असते. माणूस कामावर जातो कामगार म्हणून आणि कागदावर असतो ऋणको म्हणून.

उचल या शब्दापाशी थांबायला हवे, कारण जळकोटसारख्या कोरडवाहू, डोंगराळ तालुक्यात संसाराचे सगळे गणित त्यावर चालते. लग्न, दवाखाना, बी-भरण, घराचे पत्रे, सगळे उचलीतून. मनुष्यबळाच्या भाषेत ती आगाऊ वेतन आहे. आगाऊ वेतन देणे गैर नाही, फक्त त्याला मर्यादा आहे. वेतन संहितेनुसार एका वेतनकाळात होणाऱ्या एकूण कपाती वेतनाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाहीत, म्हणजे काम केलेल्या माणसाच्या हातात निम्मी मजुरी पडलीच पाहिजे. आता उचलीचा हिशेब पाहावा. २०२४ च्या जानेवारीत साखर संघ आणि ऊसतोड संघटना यांच्यात तीन हंगामांसाठी करार झाला, तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनामागे सुमारे ३६६ रुपयांवर गेला. एका कोयत्याने १ लाख रुपये उचल घेतली असे धरू. ती फिटायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टन धरले, तर १३७ दिवस, म्हणजे साडेचार महिने. एकही दिवस आजारपण नाही, पाऊस नाही, गाडी उशिरा आली म्हणून खोळंबा नाही. बहुतेक हंगाम एवढाच असतो. म्हणजे दोन माणसांनी पूर्ण हंगाम राबून जे मिळवले, ते सगळे आधीच खर्चलेले असते. वाटखर्ची म्हणून आठवड्याला जे काही हातात येते तेही पुन्हा उचलीतच मांडले जाते. कपात इथे ५० टक्के नसते, १०० टक्के असते.

आणि उचल फिटली नाही, तर? ती पुढच्या हंगामावर जाते आणि माणूस त्याच मुकादमाला बांधला जातो. कर्जापोटी काम सोडून जाण्याचे स्वातंत्र्य गमावलेल्या श्रमाला १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठबिगार म्हटले आहे. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले : किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाखाली सक्तीचे श्रम ठरते. सगळी ऊसतोड वेठबिगारी आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनेक मुकादम स्वतःच उचलीच्या रकमा बुडून देशोधडीला लागले आहेत. पण कुठली उचल आगाऊ वेतन आहे आणि कुठली बेडी आहे, हे ओळखायला नोंद लागते, आणि नोंद एकट्या मुकादमाच्या वहीत आहे.

वेतन ही संज्ञा कंपनीत लागलेल्या मुलांनाही तितकीच नीट समजावी लागते. त्यांना ‘पॅकेज’ सांगितले जाते. पॅकेज म्हणजे सीटीसी, कंपनीला त्या माणसावर पडणारा एकूण खर्च. पगार नव्हे. उदाहरणादाखल, एखाद्या मुलाचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये आणि इतर भत्ते ३,००० रुपये असतील, तर त्याचे ढोबळ वेतन १६,०००. कंपनी त्यावर भविष्यनिर्वाह निधीचा आपला १२ टक्के वाटा १,५६० रुपये, कर्मचारी राज्य विमा योजनेचा ३.२५ टक्के वाटा ५२० रुपये, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ६२५ आणि बोनसची तरतूद सुमारे १,०८३ रुपये मिळवते आणि १९,७८८ चे पॅकेज सांगते. मुलाच्या वेतनातून मात्र निधीचे त्याचे १,५६०, विम्याचे ०.७५ टक्के म्हणजे १२० आणि व्यवसाय कराचे २०० रुपये जातात. हातात उरतात १४,१२०. गावी वडिलांना वीस हजाराची नोकरी सांगितलेली असते. त्यात कोणीच खोटे बोललेले नसते, फक्त एका संज्ञेचा अर्थ सांगायचा राहून गेलेला असतो. वेतनचिठ्ठी, म्हणजे पगाराची स्लिप, याच कारणासाठी असते : काय मिळाले, काय कापले आणि कशासाठी कापले. नव्या वेतन संहितेने ‘वेतन’ या शब्दाचीच व्याख्या घट्ट केली आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त दाखवले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे मूळ वेतन नावापुरते ठेवून निधी आणि ग्रॅच्युइटी वाचवण्याची वाट अरुंद झाली आहे.

भविष्यनिर्वाह निधी हा कापला गेलेला पैसा नव्हे, बाजूला ठेवलेला पैसा आहे. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेत जातात, उरलेले ३.६७ टक्के कामगाराच्या खात्यात. प्रत्येकाला एकच यूएएन क्रमांक असतो आणि नोकरी बदलली तरी तो बदलायचा नसतो. चाकणमध्ये दर सहा-आठ महिन्यांनी ठेकेदार बदलणाऱ्या मुलांची दोन-तीन खाती तयार होतात, आधारवरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळत नाही, आणि हक्काचा पैसा अडकून पडतो. यावर उपाय साधा आहे : पहिल्या नोकरीत मिळालेला क्रमांक दुसऱ्या नोकरीत सांगायचा. पण हे सांगणारा माणूस पहिल्या दिवशी समोर असावा लागतो.

ग्रॅच्युइटी, म्हणजे उपदान, हे १९७२ च्या कायद्याने आले. शेवटचे मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले पूर्ण झालेली वर्षे. १३,००० रुपये वेतन आणि सहा वर्षे सेवा असेल, तर ४५,००० रुपये. आतापर्यंत त्यासाठी पाच वर्षे सलग सेवा लागत असे. सामाजिक सुरक्षा संहितेने निश्चित मुदतीवर नेमलेल्यांना एका वर्षानंतरही ती प्रमाणात लागू केली आहे. जळकोटच्या मुलांसाठी नव्या कायद्यांतला हा सर्वांत कामाचा बदल आहे, कारण पाच वर्षे एका ठिकाणी त्यांना कोणी टिकूच देत नव्हते. बोनसचे कलम त्यामानाने सरळ आहे : किमान ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २० टक्के.

टिकू न देण्याच्या पद्धतीला कामगारांच्या बोलीत ‘ब्रेक देणे’ म्हणतात. सलग बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कामगाराची सेवा अखंड मानली जाते, आणि महाराष्ट्राच्या नमुना स्थायी आदेशांनी अशा माणसाला कायम होण्याची वाट दाखवली. ते २४० दिवस भरू नयेत म्हणून सातव्या महिन्यात थांबवायचे आणि काही दिवसांनी नव्या नावाच्या ठेक्यावर घ्यायचे. इथे चार शब्द वेगळे ओळखावे लागतात. परिवीक्षाधीन म्हणजे पारखण्याच्या काळात असलेला. तो पुढे कायम होण्यासाठीच घेतलेला असतो. कंत्राटी म्हणजे ठेकेदाराचा माणूस, जो कारखान्यात काम करतो पण कारखान्याच्या पटावर नसतो. निश्चित मुदतीचा म्हणजे थेट कारखान्याच्या पटावर, पण ठरावीक काळासाठी, आणि त्या काळात कायम कामगाराइतक्याच सोयींचा हक्कदार. प्रशिक्षणार्थी हा चौथा. १९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवाराला वेतन नाही, विद्यावेतन मिळते, कारण तो शिकायला आलेला असतो. २०२४ पासून राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये विद्यावेतन दिले, आणि तालुक्यातालुक्यातली मुले कचेऱ्यांत बसली. मुदत संपल्यावर अनेकांनी नोकरी मागितली. योजना प्रशिक्षणाची आहे की भरतीची, हा फरक अर्ज भरतानाच ठळक सांगितला असता, तर इतका भ्रमनिरास झाला नसता.

मानधन हा शब्द सगळ्यांत हळवा आणि सगळ्यांत फसवा. मान आणि धन दोन्ही त्यात आहेत, पण कायद्याच्या भाषेत तो वेतन नाकारण्यासाठी वापरला जातो. अंगणवाडी सेविका सकाळी पोरे गोळा करते, पोषण आहार शिजवून घेते, वजने घेते, मोबाइलवर नोंदी भरते, सर्वेक्षणे करते. सेविका स्वयंसेवक आहे, कर्मचारी नाही, असे शासन म्हणत आले. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात निकाल दिला की सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत आणि त्यांना मिळणारा मोबदला हे वेतनच आहे. एका शब्दाच्या अर्थाने हजारो बायांच्या म्हातारपणाचा प्रश्न कसा सुटू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण नाही. आशांच्या बाबतीत तो अर्थ अजून लागायचा आहे.

रजा या संज्ञेच्या जागी फडात ‘खाडा’ आहे. दोन्हींत माणूस कामावर नसतो, पण रजा हा कमावलेला हक्क आहे आणि खाडा हा गुन्हा, ज्याचा दंड उचलीत चढतो. आठवड्याची सुटी या देशात आपोआप आली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. ऊसतोडीचा हंगाम आजही सुटीशिवाय चालतो. खाड्याच्या भीतीचे टोक २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात दिसले. ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण उघडकीला आले आणि राज्याला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाळीच्या दुखण्याने दिवस बुडू नये, खाडा लागू नये, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. मुंबई प्रांतात गिरणी कामगार बायांसाठी प्रसूती लाभाचा कायदा १९२९ मध्ये झाला, त्याच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ मध्ये विधिमंडळात बोलले होते. आज संघटित क्षेत्रात २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बाळंत होणारी बाई त्या कायद्याच्या वाऱ्यालाही उभी नाही, कारण कागदावर ती कामगार नाही, फक्त कोयत्याचा अर्धा भाग आहे.

लैंगिक छळाविरुद्धची तरतूद मात्र तिच्यापर्यंत पोहोचते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती सक्तीची केली, आणि जिथे इतके कर्मचारी नाहीत किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती ठेवली. शेतमजूर, मोलकरीण, तोडणीवरची बाई, सर्वांसाठी ती आहे. अडचण अशी की तोडणीचा जिल्हा एक आणि घरचा जिल्हा दुसरा, मग तक्रार कुठल्या समितीकडे करायची? स्थलांतरित या संज्ञेचेही असेच झाले आहे. उदगीरमार्गे बिदरच्या कारखान्यावर गेलेली टोळी राज्याची सीमा ओलांडते म्हणून कायद्याने आंतरराज्य स्थलांतरित ठरते आणि त्यांच्यासाठीच्या तरतुदींना पात्र होते. कोल्हापूर-सांगलीला गेलेली टोळी कितीतरी लांब जाते, पण राज्यातच राहते म्हणून त्या संज्ञेत बसत नाही. अंतर कायद्याला दिसत नाही, फक्त सीमा दिसते.

शिस्त आणि गाऱ्हाणे या जोडशब्दांत मनुष्यबळ खात्याची खरी परीक्षा असते. कामगाराने चूक केली, तर आधी कारणे दाखवा नोटीस, मग आरोपपत्र, मग चौकशी, त्यात बाजू मांडायची संधी, आणि मग शिक्षा. याला नैसर्गिक न्याय म्हणतात. ‘उद्यापासून येऊ नको’ ही शिक्षा होऊ शकते, पण ती पद्धत होऊ शकत नाही. उलट बाजूने, वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी, तिच्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असावेत, असे औद्योगिक संबंध संहिता सांगते. कामाच्या मूल्यमापनाचाही यात वाटा आहे. वर्षाअखेरीस कोणाचे काम कसे झाले हे आधी ठरलेल्या मापाने पाहिले गेले, तर बढती आणि शिक्षा दोन्हींविषयीच्या तक्रारी कमी होतात.

निरोपाच्या संज्ञा तीन आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत. राजीनामा कामगार देतो. बडतर्फी दोषाबद्दल होते. कामगारकपात होते ती काम उरले नाही म्हणून, दोष नसताना. कामगारकपातीसाठी, वर्षभर सेवा झालेल्याला, एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांचे वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. तिन्हींत उरलेली मजुरी दोन कामाच्या दिवसांत चुकती करायची, असे वेतन संहिता म्हणते. ठेकेदाराने मागणी झाल्यास अनुभवाचा दाखला द्यायचा, तोही आता कायदा आहे. पाच हंगाम तोडणी केलेल्या किंवा तीन वर्षे मशीन चालवलेल्या जळकोटच्या माणसाकडे असा एकही दाखला नसतो, आणि म्हणून प्रत्येक वेळी तो पुन्हा नवखा ठरतो.

या सगळ्यावर महाराष्ट्राने एकदा उत्तर शोधलेले आहे. १९६९ चा माथाडी कायदा. बाजार समितीतल्या हमालाचाही मालक रोज बदलतो, आजचा आडत्या वेगळा, उद्याचा वेगळा. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्याने मालक आणि हमाल दोघांची नोंद एका मंडळाकडे केली. मजुरी मंडळाकडे भरायची, वर ठरावीक टक्के अधिभार भरायचा, आणि मंडळाने हमालाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचे पैसे द्यायचे. मालक कितीही बदलले तरी हमालाचा पट एकच राहतो. मुकादमाच्या वहीला पर्याय म्हणून उभे राहू शकेल असे मनुष्यबळ खाते हेच. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ राज्याने स्थापन केले आहे, कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढीच भर शासनाची, असा त्याचा निधी ठरला आहे, ग्रामसेवकांकडून ओळखपत्रेही दिली जातात, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे. पण ते महामंडळ कल्याण करते. नेमणूक नोंदवत नाही, उचल नोंदवत नाही, मजुरी त्याच्या हातून जात नाही.

तेव्हा, महोदय, मागणी अशी आहे. महामंडळ सामाजिक न्याय विभागाकडे असले तरी नेमणूक, वेतन आणि कपात हे विषय आपल्या खात्याचे आहेत. येत्या दसऱ्याआधी जळकोट तालुक्यातल्या प्रत्येक टोळीची नोंद माथाडी मंडळाच्या धर्तीवर व्हावी. त्या नोंदीत कोयत्यातल्या दोघांची नावे वेगळी असावीत, उचल किती, दर किती आणि मुख्य मालक कोण हे लिहिलेले असावे, आणि त्याची एक प्रत मराठीत बाईच्या हातात पडावी. तांड्यावर ती गोरमाटी (बंजारा) बोलीत वाचून दाखवली जावी. पुण्याकडच्या कारखान्यांना मराठी नेमणूकपत्र आणि मराठी वेतनचिठ्ठी देण्याचे आदेश निघावेत. हे करायला नवा कायदा लागत नाही.

कळावे.

जळकोट, जि. लातूर